डाग

शहाद्याच्या सराफ गल्लीत माझं दुकान, साडेसहा फूट.
होळीला बारा दिवस उरले की
धडगावच्या गाड्या खाली उतरतात, टपावर माणसं घेऊन,
आणि डोंगरातली चांदी उजळायला येते.
रिठ्याचा फेस कोपरापर्यंत.
हासळ्या, वाक्या, करदोडे,
वर्षभराचा चुलीचा धूर माझ्या पातेल्यात.

थावरीनं कमरेच्या गाठीतून सर काढला.
अठरा नाणी. सतरा माझ्या ओळखीची:
राणी, तिचा टकला लेक, मुकुट घातलेला नातू.
अठरावं लहान, जाड, कडेला फुटलेलं.
कडी त्याचीच तुटली होती.

"हाई कथाईन उनं?"
"आजलीनी दिन्हं."
"आन तिले?"
"तिनी आजलीनी."
मग ती तंबाखू मळायला लागली.

भिंग डोळ्यात अडकवलं.
एका बाजूला माणूस. म्हणजे, होता.
नाक गेलेलं, हनुवटी गेलेली,
डोक्याभोवती पानांची माळ तेवढी उरलेली;
कडुनिंब नाही, आंबा नाही,
इकडचं कुठलंच झाड नाही.
कडेनं अक्षरं,
गुळाच्या भेलीवर चिरडलेल्या मुंग्यांसारखी.

उलटीकडे मात्र सगळं जागच्या जागी.
खुर्चीवर एक बाई. उभी काठी एका हातात,
दुसऱ्यात फांदी, नाही तर कणीस.
मांडीवर ओढून घेतलेलं वस्त्र,
चुण्या मोजाव्यात इतकं स्वच्छ.
कुणाची वाट बघत नाही ती. नुसती बसलीय.

"कणसरी," थावरी म्हणाली. ज्वारी राखते.
तिचं तोंड बाहेर ठेवायचं, हे घरातलं शिस्तीचं;
पाठीमागचा तो कोण, ते कुणी विचारलं नाही.
तो आत, छातीशी.
तेव्हा मला कळलं राजा कुणी झिजवला.
दळताना, हंडा चढवताना,
पोराला पाजताना,
एकीनं दुसरीकडे सोपवत
घामानंच पुसत आणला त्याला.

आणि त्याच्या मानेवर एक चीर होती.
ती घामाची नव्हे. छिन्नीचा एकच घाव,
सरळ, आत काळा पडलेला.
वरून चांदी, पोटात तांबं तर नाही ना,
म्हणून कुणीतरी बघितलेलं.

ही अक्षरं मात्र मला वाचता आली.
भडोचला म्हणा, नाही तर इथंच, प्रकाशाला,
तापीच्या उताराशी तांडे थांबत असतील तिथं,
एक जण बसलाय मांडी घालून.
समोर परका व्यापारी, घाईत, हातवारे करणारा.
यानं राजाच्या तोंडाकडे पाहिलंसुद्धा नसेल.
नाणं ऐरणीवर. छिन्नी. ठक्.
मग मान न उचलता म्हणाला असेल,
चांदी आहे.
त्याची पाठ मला दिसते, माझ्यासारखीच वाकलेली.
डाव्या अंगठ्यावरचा भाजल्याचा वण
मी त्याला माझ्याकडचा दिला.

तरी बोललो तिला. दडवलं असतं तर झोप लागली नसती.
बाई, हे फार जुनं, समुद्रापलीकडचं.
धुळ्याला दाखव. जपून काचेत ठेवतील.
ती हसली, दात काळे.
"काचमा कनसरी काय खाई?"

याला उत्तर माझ्या वहीत नाही.

जुनी चांदी आतून भुसभुशीत असते;
ज्योत जरा जास्त झाली की तडकते.
पिसानं सवागी लावली, तांदळाएवढा डाग ठेवला,
आणि फुंकणी तोंडात धरण्याआधी
त्या चिरेवर ओली माती थापली,
वितळलेली चांदी वाट चुकून
त्याच्या घावात उतरू नये म्हणून.
फुंकलं. थांबलो. पुन्हा फुंकलं.
गल्लीत कुणीतरी मोटारसायकलला किका मारत होतं.
डाग पळाला, कडी बसली.
पाण्यात टाकलं तेव्हा चर्र आवाज झाला, बारीक.

तीस रुपये म्हणालो.
तिनं पंचवीस ठेवले,
सर गळ्यात घातला,
आणि बोटानंच, न बघता,
त्याला आत वळवला.